एकोणतिसाव्या वर्षी फुटलेला आवाज

९ नोव्हेंबर

ती. वहिनीस,

नमस्कार. चार वर्षांचे राहून गेलेले सगळे आज एकदमच करतो आहे, मानून घ्या.

मी बरा आहे. दादाची पाठदुखी कशी आहे? चिमी आता आठवीत असेल ना, की नववीत? बघा, सख्खा काका असून मला हेही नक्की माहीत नाही. इथे थंडी पडायला लागली आहे. खोली चांगली आहे, घरमालकीण बडबडी पण मायाळू आहे. नोकरी तीच, वीज तक्रार केंद्रात फोन घ्यायची. गाव तेवढं बदललं.

या नोकरीत लोक आवाजावरून मला 'मॅडम' म्हणायचे, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला मी चूक दाखवायचो. पुढे पुढे तेही सोडलं. "नोंद करून घेते," म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. सत्तावीस वर्षांच्या बाप्याने दिवसभर 'घेते, सांगते, पाठवते' करायचं आणि घरी येऊन गुळगुळीत हनुवटीवर उगाच वस्तरा फिरवायचा. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "काहींची वाढ उशिरा होते." दादा तर विषयच टाळायचा. विषय काढलात तो तुम्ही.

गॅस गळत होता तो दिवस आठवतो? मी स्वयंपाकघरात शेगडीपासून दोन हातांवर बसून पेपर वाचत होतो. तुम्ही दारातूनच ओरडलात, धावत येऊन बटण बंद केलंत, खिडक्या उघडल्यात. मग माझ्याकडे बघत राहिलात आणि हळूच विचारलंत, "भाऊजी, तुम्हाला वास येतच नाही का? कधीच?"

मी हसण्यावारी नेलं. तुम्ही नेलं नाहीत. कुठल्याशा परिचारिकेला विचारलंत, आणि पंधरा दिवसांनी जेवताना म्हणालात की एका रुग्णालयात हार्मोनवर संशोधन चालू आहे. ज्यांना वास येत नाही आणि जे वेळेवर वयात आले नाहीत, अशीच माणसं त्यांना हवी आहेत.

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिणार नव्हतो. पण ते टाळून पुढचं काहीच लिहिता येत नाही. "तुम्ही बाहेरून आलात, आमच्या घरात नाक खुपसू नका." ताट सारून उठलो आणि आठ दिवसांत बदली मागून घर सोडलं. तरीही निघताना तुम्ही माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात त्या रुग्णालयाचा पत्ता लिहिलेला कागद ठेवलात.

तो मला लगेच सापडला होता. फाडला नाही, उघडलाही नाही. सव्वा वर्षाने पायरीवरून घसरलो, दोनच पायऱ्या, आणि मनगट मोडलं. हाडांचे डॉक्टर फोटो बघून म्हणाले, "वय अठ्ठावीस, आणि हाडं साठीची? अहो, हे मनगटाचं दुखणं नाही." घरी येऊन डाव्या हाताने तो कागद उघडला.

संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई तुमच्याच वयाच्या असतील. त्यांनी एका ओळीत लावलेल्या वीस बाटल्या हुंगायला लावल्या. कॉफी, साबण, रॉकेल, मला सगळं पाणीच. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आईच्या पोटात असताना वास ओळखणाऱ्या पेशी आणि शरीराला वयात आणणाऱ्या पेशी एकाच वाटेने, नाकाकडून मेंदूकडे जातात. माझ्या त्या वाटेतच अडकल्या. "यात तुमचा काही दोष नाही," त्या म्हणाल्या, "आणि यावर औषध आहे." वहिनी, मी तिथेच रडलो. त्याच बारीक आवाजात.

मग इंजेक्शनं सुरू झाली. सात-आठ महिन्यांनी आवाज फुटला. एकोणतिसाव्या वर्षी! घरमालकीण काढा घ्या म्हणून मागे लागली, सर्दी झाली समजून. आता दाढी खरीखुरी करावी लागते, कंटाळा येतो आणि त्या कंटाळ्याचंही कौतुक वाटतं. हाडं भरत आली आहेत. उद्या लग्न केलं तर औषधाने मूलही होऊ शकेल, असं त्या म्हणतात. वास मात्र येणार नाही. त्याचं काही वाटत नाही.

फोन का केला नाही, असं विचाराल. दोनदा केला. दोन्ही वेळा माझ्या नव्या आवाजावर तुम्ही "कोण बोलतंय?" म्हणालात आणि मी फोन ठेवून दिला.

आता ज्यासाठी खरं म्हणजे पत्र लिहायला बसलो, ते. गेल्या महिन्यात माझ्या रक्ताचा अहवाल आला. हा दोष घराण्यात उतरू शकतो. एखाद्यात दिसतो, एखाद्यात न दिसता पुढे जातो. दादाचं रक्त तपासायला हवं, आणि चिमीचंही. तिला वास येत असेल, पाळी सुरू झाली असेल, तर बहुतेक काळजी नाही. झाली नसेल तरी तिच्या वयाला ते उशिराचं नाही. पण एकदा दाखवून ठेवायचं. दिराने वहिनीला असलं लिहायचं नसतं, मला कळतं. पण माझं वय आणि माझं अंग बघून तुम्हीही तेव्हा असाच जीव मुठीत धरून प्रश्न विचारला असणार. तो किती अवघड होता, हे आज लिहिताना कळतंय.

आणि घाबरू नका. तिच्यात काही निघालंच, तर ते तेराव्या वर्षी निघेल, अठ्ठाविसाव्या नाही. तिला कुणाच्या हसण्याची सवय करून घ्यावी लागणार नाही. डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, "तुमच्या वहिनींना मला भेटायचंच आहे. आमच्याकडे माणसं येतात ती दहा डॉक्टर फिरून. तुमचं निदान स्वयंपाकघरात झालं."

तपासणीसाठी तुम्ही तिघं कधी येता ती तारीख कळवा, मी स्टेशनवर येतो. दादाला मी स्वतः समजावतो.

माफी मी तुमच्यासमोर उभा राहून मागेन, ती कागदावर मागण्याची गोष्ट नाही. आभार मात्र लेखी असू द्या.

तुमचा,
तुमच्यामुळे वयात आलेला,
धाकटा दीर