खंडनातलं नाव

प्रिय संघदीप,

तुझं पत्र मिळालं. नागपूरच्या शाळेतली कायमची नोकरी सोडून आमच्याच पेपरात उपसंपादक म्हणून यायचं तू ठरवलंस, हे वाचून तुझ्या आईनं गल्लीभर पेढे वाटले. मी मात्र उत्तर लांबवत राहिलो. आमच्या शेठजींनी स्वतःहून तुला बोलावलं याचा मला फार अभिमान वाटला होता. तो उतरायला थोडा वेळ लागला.

तू कॉलेजात होतास तेव्हा गिरण्यांच्या बातम्या माझ्याकडे असत. मिल बंद पडणार अशी कुजबुज सुरू झाली की मालकाकडून खंडन यायचं. अफवा निराधार आहेत, कामगारांनी विश्वास ठेवू नये वगैरे. शेवटी एक ओळ हमखास असायची, नवे माग येताहेत किंवा नवा मॅनेजर रुजू होतोय अशी. त्या ओळीशिवाय लोक खंडनावर भरवसा ठेवत नाहीत हे मालकांना पक्कं ठाऊक होतं. मी ते पहिल्या पानावर चौकटीत लावायचो. पुढे पुढे कामगार इतके शहाणे झाले, की चौकट दिसली की त्याच दिवशी भांडीकुंडी गावाकडे धाडायचे. मॅनेजर मात्र खरंच यायचा बिचारा, बायकापोरं घेऊन.

आता आमच्याकडचं ऐक. टेलिप्रिंटर मुका झालाय, रेडिओ ऐकून आम्ही बातम्या उतरवतो. ऑफसेट मशीन येणार म्हणून खिळे जुळवणारे जुळारी घरी बसवले, पण मशीनचा पत्ता नाही. मंगळवारी फीत घेऊन दोन माणसं आली, छापखान्याची जागा भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजली आणि कुणाशी न बोलता गेली. शहरात एवढे पेपर, पण यातलं अक्षरही कुठे आलेलं नाही. एकाच्या घरातली भानगड दुसऱ्यानं छापायची नाही, हा आमच्या धंद्याचा जुना रिवाज. मिल बुडाली तर आठ कॉलम, आपण बुडायला लागलो की तोंडात मिठाची गुळणी. आमचा जुळारी दिवाकर दुसऱ्या एका पेपरात घरी बसवलेल्यांचं निवेदन घेऊन गेला होता. त्यांनी त्याला प्रेमानं पोहे-जिलेबी खाऊ घातली आणि निवेदन परत दिलं.

काल शेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. पेपर बंद होतोय अशी अफवा आहे, तिचं खंडन मी लिहायचं म्हणाले. मग हळूच म्हणाले, "शंकररावजी, बेटे का नाम जरूर डालिए. आपका अपना लड़का आ रहा है, तो लोग मान जाएँगे." तू त्यांना कशासाठी हवा होतास, ते तेव्हा कळलं. मी लिहायला नकार दिला, पण दुसरं कुणीतरी लिहीलच. उद्या चौकट छापून येईल, तीत तुझं नाव असेल, आणि ओळखीचे लोक तुला अभिनंदनाच्या तारा करतील. मला भीती वाटते रे. राजीनामा दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर आजच हेडमास्तरांचे पाय धर आणि परत घे. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती तुझी खोली झाडतेय.

आहेस तिथेच राहा म्हणणारा,
तुझाच,
बाबा