बसवून नेलेला मॅनेजर

अप्पा, तुम्ही मॅनेजर म्हणून वाईट होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण माणूस गेला की त्याचं सगळंच चांगलं म्हणायची आपल्याकडे रीत आहे, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत की तुमच्याबद्दल वाईट बोलणारं आता कुणी उरलंही नाही. टाइमकीपर म्हणून तुम्ही एक नंबर. भोंगा झाल्यावर तुमच्या खिडकीसमोरून मिलच्या गेटात मुंगीसुद्धा शिरली नसती. पण फुटबॉलमधलं तुम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. जुने मॅनेजर रिटायर झाले, मिलची टीम कुणाच्या तरी गळ्यात मारायची म्हणून लेबर ऑफिसरनं ती तुमच्या गळ्यात मारली, आणि तुम्ही ती गेटसारखीच सांभाळायला घेतलीत. सेंटर फॉरवर्डनं गोल मारला का, यापेक्षा तो प्रॅक्टिसला वेळेवर आला का, याची तुम्हाला जास्त काळजी. एकदा गोलकीपरच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं म्हणून तुम्ही मॅच सुरू व्हायची थांबवली होती. मी तिथंच होतो. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, तुम्हाला दिसणार नाही अशा ठिकाणी.

लोक तुमच्यावर उगाच उठले होते असं नाही. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, मिल बंद पडणार अशी हूल दर महिन्याला उठायची, आणि रविवारची मॅच ही एकच जागा होती जिथं माणसाला घसा फोडून ओरडता यायचं. टीमही तशीच होती. रेल्वे लाइन्समधली ख्रिस्ती पोरं, विजापूर वेशीतली मुसलमान पोरं, तेलुगू विणकरांची पोरं, सगळी घोट्याला पट्टी गुंडाळून अनवाणी खेळायची आणि वाऱ्यासारखी पळायची. आमची बघ्यांची टोळी त्यांच्यावर जीव टाकायची. मी तेव्हा बी.कॉम.ला, बेलबॉटम घालणारा, केस कानावर आलेला. टोळीत सगळे मिलवाल्यांचेच मुलगे होते, पण मॅनेजरचा मुलगा एकटा मीच. तुमच्यावर विनोद चाललेला असला आणि मी आलो की ते मिनिटभर गप्प व्हायचे. ती गप्प बसणारी तोंडं मला सहन व्हायची नाहीत. म्हणून मीच आधी सुरुवात करायला लागलो. तुमची चाल, तुमचं ते "वेळ म्हंजे वेळ" म्हणणं, मी हुबेहूब करून दाखवायचो. मग ते हसायचे आणि मला मध्ये बसायला जागा द्यायचे.

मग तुम्ही ते बूट आणलेत. मिलची टीम अनवाणी खेळते हे तुम्हाला बघवत नव्हतं. "भिकाऱ्याचं पथक वाटतंय की ते," असं तुम्ही जेवताना म्हणाला होता. कानपूरहून आलेले ते बूट लाकडासारखे कडक. फायनलच्या आदल्या आठवड्यात तुम्ही ते दोन पोत्यांत भरून घरी आणलेत आणि स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला मांडलेत. माझ्या आईनं, अव्वानं, आयुष्यात कधी चपलेला उंबऱ्याच्या आत पाय टाकू दिला नव्हता. ती भाकरीची परात घेऊन पडवीत जाऊन बसली. "कातडं माझ्या चुलीपाशी? बाटवली की हो माझी चूल." तुम्ही मांडी घालून बसलेले, हाताला कोपरापर्यंत एरंडेल, एकेक बूट चोळताय, वाकवताय, परत चोळताय. "अगं, उबेला मऊ पडतंय. नायतर पोरांच्या पायाला चावंल," तुम्ही म्हणालात. मी दारात उभा. मला बघून तुम्ही एक बूट पुढं केलात. "ये, तू बी एक घे." मला अभ्यास आहे म्हणून मी सटकलो आणि तडक टोळीत जाऊन तुम्ही कसे एरंडेल चोळत बसलाय त्याची नक्कल केली. त्या दिवशी मला जेवढी दाद मिळाली तेवढी पुढं गॅदरिंगलाही मिळाली नाही.

फायनल रेल्वेच्या टीमशी होती. एरंडेलाचा काही उपयोग झाला नाही. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच आपली पोरं लंगडायला लागली. सेंटर फॉरवर्ड बिचारा टाचांवर पळत होता. हाफटाइमला त्यानं बूट काढू का म्हणून विचारलं आणि तुम्ही मान हलवून नाही म्हणालात. नियम तो नियम. आपण धडाधड गोल खाल्ले. तेव्हा लोकांनी पायातल्या चपला काढून हातात धरल्या आणि नाचवायला सुरुवात केली. "जूते उतारो, गोल मारो!" अख्खं मैदान एका सुरात. तुम्ही लाइनीवर काळा कोट, काळी टोपी घालून, हात पाठीमागं बांधून उभे होता. एकदाही मागं वळून पाहिलं नाहीत. माझीही चप्पल हातात होती.

इथपर्यंतचं सगळं कदाचित तुम्हाला सांगता आलं असतं. जिवंत असताना, हसत हसत, एखाद्या दिवाळीला. मैदानावर चुकलेल्या मॅनेजरला लोक शिव्या घालणारच. पुढचं मात्र तसं नाही.

रंगपंचमीला टोळीनं तुमचं मयत काढायचं ठरवलं. शिमग्याच्या दिवसांत असली सोंगं निघायचीच, त्यात नवं काही नव्हतं. तालमीमागच्या अंगणात जमलो. कुणीतरी जुना काळा कोट आणला, त्यात मिलमधलं टाकाऊ सूत ठासून भरलं. डोक्याला मडकं, त्यावर कोळशाच्या मिशा, वर टोपी, गळ्यात बुटांची जोडी. दोन बांबूंची तिरडी बांधून झाली होती आणि जॉबरचा, म्हणजे आमच्या खात्यावरच्या मुकादमाचा, मुलगा ते सोंग तिच्यावर आडवं करत होता. मी बघत होतो. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "असं नाही बे. आमच्यात आडवं नेत नाहीत."

सगळे थांबले. "मग कसं नेतेत?"

"बसवून."

जॉबरच्या मुलानं सोंग खाली ठेवलं. "बसवून म्हंजे? खुर्चीवर?"

अप्पा, तिथं मी थांबू शकलो असतो. ती तिरडी होती तोवर ते कुठल्याही मॅनेजरचं सोंग होतं. मी सगळं सांगितलं. आपल्या लिंगायतांत माणसाला पुरतात, बसवून पुरतात, म्हणून नेतातही बसवून. खुर्चीला बांबू बांधतात, वर केळीच्या खुंटांची कमान करतात, गुलाल उधळत, वाजतगाजत नेतात. आजोबांच्या वेळी मी सगळं पाहिलं होतं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. खुर्ची मी आणली. कमान मी बांधली. झेंडूच्या माळा मडक्यावर अशा सोडल्या की मिशाही अर्धवटच दिसाव्यात. आणि शेवटी चुलीतली राख घेऊन मडक्याच्या कपाळावर तीन बोटांनी आडवी विभूती ओढली. "एकदम ओरिजिनल झाला की बे," कुणीतरी म्हणालं. मग सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या.

हलगीच्या तालावर आम्ही नव्या पेठेतून निघालो. गर्दी बाजूला होत होती, लोक हसत होते, गच्चीवरून रंग पडत होता. त्याच गर्दीत अव्वाचे मंद्रूपचे मामा उभे होते. नातीच्या लग्नाचं कापड घ्यायला आले होते, डोळ्यांनी अधू. त्यांना काय दिसलं? केळीची कमान, गुलाल, हलगी, खुर्चीत बसलेला काळ्या कोटातला माणूस, कपाळाला विभूती. तिरडी असती तर त्यांनी मान वळवली असती. पण आपल्यातलं कुणीतरी चाललंय म्हणून त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि शेजारच्या पोराला विचारलं, "कोण गेलं बाबा?" त्या पोरानं तोंड पाडून सांगितलं, "मिलचे टाइमकीपर गेले की. टीमचे मॅनेजर." कापड तिथंच टाकून म्हातारा थेट अव्वाकडे पळाला. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी खांदा देत होतो.

शिफ्ट सुटायच्या वेळी आम्ही मिलच्या गेटवर पोचलो. तुम्ही खिडकीमागच्या खोलीतून बाहेर आलात आणि गेटात उभे राहिलात. माझं तोंड जांभळं-हिरवं झालेलं, केसांना गुलाल. आम्हा सगळ्यांचे चेहरे सारखेच झाले होते, ओळखण्याची शक्यता नव्हती. तुम्ही आमच्याकडे पाहिलंही नाहीत. तुम्ही खुर्चीकडे बघत होता. बराच वेळ. मग टोपी नीट केलीत आणि घराच्या वाटेला लागलात.

मी मित्राकडे आंघोळ करून दिवेलागणीला घरी आलो. अंगणात शेजारच्या बायका होत्या. चूल विझवलेली, तिच्यावर पाणी ओतलेलं. अव्वा भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि उजवा हात नुसता. मनगटावर काच लागून रक्त सुकलेलं. उंबऱ्यावर तिनं उजव्या हातातल्या फोडल्या होत्या, डाव्या हातातल्या फोडणार एवढ्यात तुम्ही दारात उभे राहिला होता. "अगं, मी हाय की," म्हणाला होता म्हणे. ती तुमच्याकडे बघून ओरडली होती. तुम्हाला हात लावून बघायलाही ती तयार नव्हती.

मामा कोपऱ्यातून म्हणाले, "कुण्या हलकटानं केलं हे? आन आपल्यातलाच कुणीतरी हाय त्यात. भायेरच्या पोरांस्नी बसवून न्यायचं कसं ठावं असंल?"

तुम्ही चूल पेटवत होता. अव्वाच्या हातून काडी धरवत नव्हती म्हणून तुम्हीच बसला होता. वर न बघता म्हणालात, "मिलमधी समद्या जातीची मान्सं मरत्यात मामा. पोरं बघत्यात, शिकत्यात. इरली बिडरी."

असू द्या, सोडा. कानडी तुम्ही एरवी फक्त अव्वाशी बोलायचा, किंवा एखादा विषय कायमचा संपवायचा असला की. नंतर मामांना झोपवून तुम्ही मला चहाचा कप आणून दिलात. तुमच्या हातचा चहा मी त्याआधी कधी प्यालो नव्हतो. कप माझ्या हातात दिलात आणि हळूच म्हणालात, "विभूती नीट लावली हुती कुनीतरी." बस. परत कधी त्याबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कासाराला घरी घेऊन आलात आणि अव्वाच्या हातात बांगड्या भरल्या जाईपर्यंत समोर बसून राहिलात.

बांगड्यांची गोष्ट दोन दिवसांत सगळ्या चाळीत झाली. पुढच्या रविवारी तुम्ही मैदानावर गेलात, तोच कोट, तीच टोपी. कुणी काही ओरडलं नाही. चप्पल नाही, घोषणा नाही. सगळे तुमच्याकडे न बघता मॅच बघत होते. तुम्हाला ते शिव्यांपेक्षा जड गेलं असणार; दुसऱ्या हंगामात तुम्ही टीम सोडलीत. नव्या मॅनेजरनं पोरांना अनवाणी खेळवलं आणि तरी आपण हरतच राहिलो. मला तेव्हा वाटलं, चला, आता अप्पांच्या मनातलं गेलं असेल. मला दुसरं काय वाटणार होतं?

तुम्ही खरोखरचे गेलात तेव्हा स्वामींनी मला पुढं बोलावलं. थोरल्या मुलानं विभूती लावायची म्हणाले. तुम्ही खुर्चीत बसलेले, डोळे मिटलेले, आणि माझी तीन बोटं राखेत. हात उचलेना. चक्कर येतेय म्हणालो आणि चुलतभावाला पुढं केलं. लोकांनी मला पाणी पाजलं, बापावर किती जीव आहे म्हणाले. अव्वा माझ्याकडे बघत होती. तिनंही पुढं मरेपर्यंत मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्या जॉबरच्या मुलाचं नाव सांगितलं असतं, हेही मला माहीत आहे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. बायकोला मी ही गोष्ट एकदा सांगितलीय, पण सांगताना असं सांगितलं की पोरांच्या नादानं मी ओढला गेलो, मिरवणुकीत माझे पाय जड झाले होते, तुम्हाला गेटात बघितलं आणि काळजात चर्र झालं. तिला ते पटलं. तिनं माझा हातही धरला. ते खोटं आहे अप्पा. पुढचा डावा बांबू माझ्या खांद्यावर होता, हलगी कडाडत होती, आणि जी पोरं मी आलो की गप्प व्हायची ती माझ्या नावानं ओरडत नाचत होती. मी फार आनंदात होतो. तुम्ही गेटात उभे दिसलात तेव्हासुद्धा.