ह्यांना थंडच लागतो

१० जानेवारी १९७२

चहा सोडला. आज सकाळपासून. हे पुन्हा चहा घेतील त्या दिवशीच मी घेईन — देवापुढे असं बोलून बसले! आई नवसासाठी वांगी सोडायची. शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस ईस्टरच्या आधी चाळीस दिवस साखर सोडायच्या. माझ्यात दोघी आहेत. कोणाला सांगणार नाही. सांगितलं की नेमाचं फळ जातं म्हणतात.

ह्यांना लकवा झाला त्याला आज आठ दिवस झाले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे मात्र तेच. मी खोलीत जाईन तिथे मागे येतात.

११ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, "नुसत्या पाण्यावर किती दिवस काढणार? दूध थुंकतात, पेज थुंकतात. आवडीचं काय आहे?" म्हटलं, चहा. "मग चहाच द्या, भरपूर दूध-साखर घालून. चार-पाच दिवसांत काही पोटात गेलं नाही तर दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल." नळी म्हटल्याबरोबर ह्यांनी डोळे मिटले. म्हणजे समजतं. सगळं समजतं!

दुपारी केला. ह्यांच्या आवडीचा — गोड, दाट, आणि थंड. हे थंडच चहा पितात हे साऱ्या गोतावळ्याला माहीत. वर साय धरली की मग कप उचलायचे. छत्तीस वर्षं मी त्यावरून बोलत आले — "मग सरबतच घ्या ना!" हसायचे नुसते. आज बशीत ओतून पार निववला, चमचा ओठाशी नेला. तोंड फिरवलं.

पाणी घेतात. चहा दिसला की तोंड भिंतीकडे.

१२ जानेवारी

शेजारच्या कुसुमताई गवती चहाची जुडी घेऊन आल्या. "अद्रक टाका, लकव्यात अद्रक चांगलं." टाकलं. निववला. नाही. मग इलायचीचा. नाही. मग नुसत्या दुधाचा. नाही!

उरलेला कुसुमताईंनीच घेतला. "तुम्ही हो?" म्हणाल्या. म्हटलं, झाला माझा. गवती चहाचा वास साऱ्या घरात भरला होता. डोकं ठणकतंय तीन दिवस. आणि वर खोटं बोलले. नेमात खोटं चालतं का?

लेकीचं, शामलाचं, पत्र भिलाईहून. दहा दिवसांची बाळंतीण ती, कशी येणार. बाबांना चहा माझ्या नावानं पाजा म्हणते.

१३ जानेवारी

भैयाजी आले. ह्यांच्याबरोबर शेतकी ऑफिसात वीस वर्षं होते. अजून बशीतून भुरके मारून पितात, बशी तीन बोटांवर. मी ह्यांचा कप निववत होते तर म्हणाले, "अरे वहिनी, हे काय करून राहिल्या? मनोहर अन् थंडा चहा? टपरीवर तर भट्टीवरून उतरला की घटाघट. आमची जीभ पोळे, याची नाही."

काहीतरीच. दुसऱ्या कोणाचं आठवत असेल. म्हातारे झालेत भैयाजीही.

पण मला ते आवडलं नाही. ह्यांची एक गोष्ट मला माहीत नाही, असं कसं?

१४ जानेवारी

संक्रांत. दोन चमचे पाणी.

१५ जानेवारी

उमरेडहून रुखमाबाई आल्या, ह्यांच्या थोरल्या बहीण. एस.टी.तून उतरून थेट, ट्रंक डोक्यावर. "काहून वं, इतकी वाळून राहिली? दुखणं त्याले आहे का तुले?" मग भावाच्या उशाशी बसल्या आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या, गप्प. वन्सं गप्प बसलेल्या मी प्रथम पाहिल्या.

त्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेल्या. लग्न होऊन मी उमरेडच्या घरात आले तेव्हा चूल त्यांच्या ताब्यात. अकरा माणसं. पितळेच्या गंजात चहा उकळायचा. आधी पुरुषांना. मग त्याच पत्तीत पाणी ओतून पुन्हा उकळी, तो बायकांना. त्यातही माझा कप सर्वांत शेवटी, घरातलं सगळं आवरल्यावर. "कानवेंटची मडम, थांबेल थोडी!" रोज. एकदा मी हौसेनं शाळेत शिकलेला चहा केला — किटलीत पत्ती, दूध वेगळं. सासूबाई म्हणाल्या, "हा तर काढा झाला!" सगळे हसले. ह्यांनी घेतला. तोही थंड करून.

आज रात्री त्या माझ्याजवळच निजल्या आहेत. मनातलं जुनं काही जात नाही, पण हात मदतीला आला की बरं वाटतं.

१६ जानेवारी

डॉक्टर उद्या येणार, नळीचं ठरवायला.

सकाळी चहा निववत होते. वन्सं दारात उभ्या. "तुहा कप कुठी आहे?" म्हटलं, मी नाही घेत. "कधीपासून?" त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. "नेम धरला का वं?" खोटं बोलायचं त्राणच नव्हतं. मान हलवली.

वन्सं खाली बसल्या. "अन् म्हणून तो पेत नाही! थंडा चहा कोणाले आवडते वं? उमरेडले तो ओसरीवर बसे, तिथून सैंपाकघराचं दार दिसे. तुह्या हातात कप आला का मग आपला उचले. तोवर निवून जाये. मा म्हणे, मनोहरले थंडाच लागते. मले माहीत होतं. मी मुद्दामून तुले अजून उशीर करो, पाहू म्हणे कुठवर थांबते! इथं नागपुरातही तू आधी पूजा करे, पत्रं लिहे, मग चहा. तो थांबे. त्यानं कधी सांगतलं नाही?"

नाही. कधीच नाही. मी आपली छत्तीस वर्षं — सरबत!

दिवसभर बसून आहे. चहा घेतला तर नेम मोडतो. ह्यांच्या जिवासाठी धरलेला नेम! नाही घेतला तर हे घेणार नाहीत आणि उद्या नळी. मोडला आणि काही झालं तर? सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, वचन मोडायला धीर लागत नाही. चुकत होत्या.

१७ जानेवारी

मोडला. पहाटे आंघोळ करून दोन कप केले. आल्याबिल्याचा नाही, साधा. वन्संनी ह्यांना उशीला टेकवून बसवलं. मी समोर बसले आणि माझा कप उचलला. एक घोट घेतला. सात दिवसांनी. ह्यांच्याकडे पाहिलं.

ह्यांनी तोंड उघडलं.

गरम घेतला! अर्धा कप, चमच्या-चमच्यानं. मध्ये डाव्या हातानं माझ्या कपाकडे खूण — तू घे. मी एक घोट, ह्यांना एक चमचा. गालावरून ओघळला तो पुसत होते. वन्सं पाठ करून उभ्या.

डॉक्टर म्हणाले, नळी नको. संध्याकाळी पुन्हा पाऊण कप.

१८ जानेवारी

सकाळी एक कप. पूर्ण! शामलाला पत्र टाकलं. संध्याकाळपासून ह्यांच्या अंगात कणकण वाटते. छातीत घरघर. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं.

२० जानेवारी

काल सकाळी सातला हे गेले. चहा चालला होता. तिसरा चमचा, आणि मान कलली. देवघरातून गंगाजलाची कुपी आणायला वन्सं धावल्या, तोवर संपलं होतं.

माणसं जमली. कोणीतरी विचारलं, "शेवटी तोंडात गंगाजल दिलं ना?"

वन्सं — दोन वेळा पंढरी, चार धाम केलेल्या, एकादशीला पाणीही न घेणाऱ्या — माझ्याकडे पाहून ठासून म्हणाल्या, "दिलं. प्रेमिलानं आपल्या हातानं दिलं."

मी चहाचे दोन्ही कप उचलून आत नेले.