ठमीचं वेळापत्रक

प्रिय ठमे,

रागावू नकोस, अशी सुरुवात करणार होते. पण रागवायचा हक्क आज माझा आहे, आणि तोही मला बजावता येत नाहीये. मांडीवर कागद ठेवून लिहितेय, त्यामुळे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत. चालवून घे.

तू विद्यापीठात गेलीस तेव्हा माझ्या फोनवर ते वेळापत्रक बघायचं ॲप टाकून दिलंस, आठवतं? मी भर वर्गात फोन करून ‘जेवलीस का’ विचारायचे आणि तुझी सगळ्यांसमोर शोभा व्हायची, म्हणून. विषयाचं नाव टाकलं की वार, वेळ, खोली, शिकवणार कोण, सगळं समोर. तास चालू असला की हिरवी पट्टी. हिरवं दिसलं की फोन करायचा नाही, असा तुझा हुकूम. दुकानात गिऱ्हाईक नसलं की चष्म्याच्या फ्रेमा पुसता पुसता मी ते उघडायचे आणि मालकांना सांगायचे, आत्ता आमची ठमी तिसऱ्या मजल्यावर संख्याशास्त्रात बसलीय. मालक म्हणायचे, बाई, एवढं लक्ष दुकानात घातलंत तर माझं भलं होईल. मला मेलीला त्यातच सुख होतं.

या वर्षी मात्र फोन केला की तू म्हणायचीस, ‘आई, तास आहे, नंतर बोलते.’ आणि ॲपवर हिरवं काही नसायचं. मला वाटलं, बदली तास असेल. मग एक दिवस संख्याशास्त्रासमोर ‘या सत्रात नाही’ असं आलं. शिकवणारे सर वर्षभर रजेवर. त्याच आठवड्यात तू सांगितलंस, सरांनी भर वर्गात तुझं कौतुक केलं. मी त्या ॲपलाच शिव्या घातल्या. मालकांना विचारलं, तर तेही म्हणाले, या यंत्रांचं काही खरं नसतं. केवढा आधार वाटला मला! तू नाही, ते ॲपच खोटं बोलतंय, हे मानायला मी एका पायावर तयार होते.

मग तू सांगितलेला एकेक विषय टाकून बघितला. एकच काय तो जुळला. त्या एकावर मी तग धरला. फोनवर ‘हो का, छान’ म्हणत राहिले. खरं विचारलं तर हे खोटं बोलणंही बंद होईल आणि तुझा आवाजसुद्धा ऐकू येणार नाही, या भीतीने विचारायचं टाळत राहिले. बाबांना काही बोलले नाही. ते अजून जिन्यात भेटेल त्याला पकडून तुझ्या अभ्यासाच्या गप्पा मारतात. आणि आता तर तू फोनच उचलेनाशी झालीस.

आज सकाळी बाबांना ‘मावशीकडे जाते’ सांगून बस पकडली. आपल्या घरात थापा मारणं आता सोपं झालंय बघ. तो एक जुळलेला तास होता, त्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. पोरंपोरी हसत-खिदळत बाहेर पडली. मी प्रत्येकीचं तोंड बघत होते. खोली रिकामी झाली, बाईंनी दिवे घालवले, तरी मी आत डोकावत होते. तेव्हा हॉस्टेलवर तुझ्या खोलीत राहायची त्या मैत्रिणीने मला ओळखलं. म्हणाली, ‘काकू, ती तर गेल्या वर्षापासून येतच नाही. तुम्हाला माहीत नाही?’ तुझा आताचा पत्ता तिनेच दिला. तू कुणाशी बोलत नाहीस, खानावळीचा दाराशी ठेवलेला डबा कधी घेतेस, कधी तसाच राहतो, हेही तिनेच सांगितलं.

ठमे, मी तुझ्या दाराबाहेर पायरीवर बसून हे लिहितेय. मघापासून कडी वाजवणारी मीच. हाका मारून मारून घसा बसला. खालचा सायकल दुरुस्त करणारा येऊन बघून गेला. मध्ये आत खुर्ची सरकल्यासारखं वाटलं, म्हणून अजून बसून आहे. डबा इथेच आहे. तो कधीचा आहे, हे उघडून बघायचा मला धीर होत नाही. शिक्षण गेलं खड्ड्यात. बाबांचं मी बघून घेईन. का सोडलंस, हेही विचारणार नाही. मला फार भीती वाटतेय गं. शेवटचं पान मी फटीतून अर्धंच आत सरकवतेय, या ओळी तुझ्या बाजूला येतील असं. बाकीचं नाही वाचलंस तरी चालेल. दार उघडवत नसेल तर उघडू नकोस. फक्त हा कागद आत ओढून घे.

तुझीच,
इथे बाहेर बसलेली आई