हँगरमधल्या सात रोट्या

३ सप्टेंबर

मला बढती मिळाली. म्हणजे कुणालाच नको असलेली खुर्ची माझ्या गळ्यात पडली! आमचे संचालक मामासादिक-अके, सगळ्यांचे दादा, सकाळी तिकिटाच्या खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "गुल्बारा, तुझं अक्षर चांगलं आहे, तोंडही चालतं. आजपासून तू सुरक्षाप्रमुख."

नोव्हेंबरात बिश्केकहून तपासणीस येणार. आमच्या विमान कंपनीत 'सुरक्षा व्यवस्थापन प्रणाली' चालू दिसली नाही तर नोवोसिबिर्स्कच्या उड्डाणाची परवानगी विसरायची. आणि ते उड्डाण मिळालं नाही तर कंपनी हिवाळा काढत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

एर्मेक हसून हसून लोळला. "माझ्या काळजीला आई पुरत होती, आता तू पगार घेऊन करणार?" नवरा कॅप्टन असला की हे ऐकून घ्यावं लागतं.

५ सप्टेंबर

त्या प्रणालीचं पुस्तक वाचतेय. जाडजूड, आणि रशियन भाषांतर त्याहून जड. पण मतलब सोपा आहे. विमान पडल्यावर दोषी कोण ते शोधत बसायचं नाही — पडायच्या आधी, होता होता राहिलेल्या गोष्टी लोकांनी आपणहून सांगायच्या. सांगणाऱ्याला शिक्षा नाही. मग असं का होतं ते बघून मुळावर इलाज करायचा.

मला एकदम पटलं. एर्मेकला वाचून दाखवलं तर तो घोरत होता.

९ सप्टेंबर

हँगरच्या दाराशी निळी पेटी लावली, कुलूपवाली. सगळ्यांना गोळा करून भाषण ठोकलं. नाव लिहू नका, फक्त काय झालं ते लिहा.

मुख्य मेकॅनिक जुमाबेकने टोपी मागे सारली. मी हँगरमधल्या सगळ्यांची एजे, म्हणजे मोठी बहीण. "एजे, माझ्या आजोबांबद्दलही कुणीतरी असंच नाव न घालता लिहिलं होतं. पोलीस त्यांना घेऊन गेले, ते परत आले नाहीत."

भाषण तिथेच आटोपलं.

१९ सप्टेंबर

पेटी उघडली. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. एक तक्रार — कँटीनच्या मान्तीच्या सारणात कांदाच कांदा, मांस शोधावं लागतं. आणि एक चौकशी — एजे, तुमच्या धाकट्या बहिणीचं कुठे जमलंय का?

आमच्या कंपनीत काही म्हणजे काही घडतच नाही. जगातली सर्वांत सुरक्षित कंपनी!

२२ सप्टेंबर

आज टरफलंसुद्धा नाहीत.

२६ सप्टेंबर

आज जेवणाच्या सुट्टीत जुमाबेक तळलेले तोकोच वाटत होता. सात रोट्या, मोडून मोडून सगळ्यांना. मी दुसरा तुकडा तोंडात टाकताना सहज विचारलं, कशाबद्दल?

"काही नाही. बायकोला वाईट स्वप्न पडलं."

सगळ्यांनी दुआ म्हणून ओंजळ चेहऱ्यावरून फिरवली, चहा ओतला. आणि माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. अगं गुल्बारा, तुझं डोकं कुठे आहे? आपल्याकडे माणूस रोट्या कधी वाटतो? काहीतरी वाईट होता होता टळलं की! म्हणजे लोक तर सांगतच होते, इतकी वर्षं. मीच पेटीत वाकून बघत बसले होते.

"काय दिसलं स्वप्नात तुझ्या बायकोला?"

त्याने चहाचा पेला खाली ठेवला. "एक बॅटरी, उजेडाची. इंजिनात राहिलेली. झाकण लावता लावता हाताला लागली."

"तुझ्या बायकोला इंजिनातलं कळतं?"

"स्वप्नात सगळं कळतं, एजे."

मी आणखी एक तुकडा मागून घेतला.

३ ऑक्टोबर

निळी पेटी धुऊन पुसून साखर ठेवायला दिली. आता दर शुक्रवारी हँगरमध्ये चहा. ज्याला 'स्वप्न' पडलं असेल त्याने रोट्या आणायच्या. नियम माझेच — स्वप्न आपलं स्वतःचं सांगायचं, दुसऱ्याचं नाही. मी काय झालं ते लिहिणार, कुणाचं ते नाही.

जुमाबेकच्या बॅटरीपायी भिंतीवर फळी ठोकली. प्रत्येक हत्याराची आकृती रंगवली. जागा रिकामी दिसली की झाकण लावायचं नाही. त्याने स्वतः रंगवली आणि वर एक फूलही काढलं.

१० ऑक्टोबर

आज तिघांनी रोट्या आणल्या! एवढं तळलेलं खाऊन पोटाची वाट लागली. सुरक्षेसाठी काय काय करावं लागतं.

इंधनाच्या गाडीवाल्याच्या स्वप्नात गाडी मागे घेताना विमानाचा पंखा थोडक्यात वाचला. मामासादिक-अकेंनी माझी नोंद वाचून बरोबर ओळखलं कोण ते. लगेच म्हणाले, याचा पगार कापतो. मी म्हटलं, "अके, स्वप्नाचे पैसे कापणार? मग मीपण घरी जाते. तपासणीसाला तुम्हीच चहा पाजा." पुटपुटत गेले, पण गेले. संध्याकाळी गाडीच्या मागे माणूस उभा करायचा हुकूमही त्यांनीच काढला.

पुस्तकात धोक्याचे रंग आहेत — हिरवा, पिवळा, लाल. माझ्या तक्त्यात मी पुढे लिहून ठेवलंय: रोट्या, कोंबडी, मेंढा. मेंढा कापून वाटला म्हणजे जीव थोडक्यात वाचले. देवाच्या कृपेने ती ओळ कोरी आहे.

१३ ऑक्टोबर

एर्मेकला विचारलं, तू कधी आणणार रोट्या? "मला स्वप्नं पडत नाहीत. माझ्या विमानात काही होत नाही." असं म्हणून कलिंगडाची फोड हातात धरूनच पेंगला. रात्री उशिरा परत यायचं आणि पहाटे पुन्हा निघायचं — मोसमाचं वेळापत्रक हे असंच. तरी मनात बरं वाटलं. निदान माझ्या घराला तरी घोर नाही.

२० ऑक्टोबर

आपा, माझ्या सासूबाई, कणीक मळत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "मेंढा चांगला पोसलेला निघाला हो. माझ्या भावाच्या गावात सगळ्यांना पुरला."

कोणता मेंढा?

सासूबाईंनी जीभ चावली. मग हळूच, "रविवारी एर्मेकने कापला. सुनेला सांगू नको म्हणाला होता."

मेंढा.

२१ ऑक्टोबर

विचारलं. एर्मेक म्हणाला, "आजोबांची आठवण आली म्हणून." माझी थट्टा केली नाही, डोळे वर केले नाहीत. हा माणूस लग्नात मुल्लासमोरसुद्धा थट्टा करत होता.

२३ ऑक्टोबर

एर्मेकचा सहवैमानिक अक्तान मला बघून जिन्यावरूनच परत फिरला. त्याला गाठून विचारता आलं असतं. पण दुसऱ्याचं सांगायचं नाही हा नियम मीच केला ना. उद्या मी अक्तानला बोलतं केलं तर परवापासून हँगरमध्ये कुणी रोटीचा तुकडा आणणार नाही.

एर्मेकचं विमान उतरेपर्यंत हल्ली खिडकीशी उभी राहते. मला भीती वाटते. एवढी भीती पंधरा वर्षांच्या संसारात वाटली नव्हती.

२६ ऑक्टोबर

भांडलो.

"तू कोण म्हणून विचारतेस? बायको की साहेब?"

"बायको."

"बायकोने काळजी करू नये म्हणून सांगितलं नाही."

"बरं, मग साहेब म्हणून विचारते."

"मग माझं कॅप्टनपण जाईल. नोवोसिबिर्स्कचं पहिलं विमान माझं आहे, गुल्बारा. बाबा असते तर—" पाठ करून झोपला. निदान झोपल्याचं सोंग तरी केलं.

मी हे कुणाला सांगणार नाही. पण त्याने सांगितलं नाही तर मला उद्यापासून हँगरमध्ये उभं राहून कुठल्या तोंडाने बोलता येईल?

३० ऑक्टोबर

तपासणीस सोमवारी येतोय. तक्ता स्वच्छ लिहून काढला. मेंढ्याची ओळ कोरीच ठेवली.

३१ ऑक्टोबर

आज हँगरमध्ये एर्मेक आला. हातात फडक्यात बांधलेल्या रोट्या. आपांच्या हातच्या — मी कडांवरून ओळखल्या.

जुमाबेकने डिवचलं, "काय कॅप्टन, तुम्हालाही स्वप्न?"

"नाही," एर्मेक म्हणाला. "स्वप्न नाही. मला झोप लागली होती. विमानात, डोंगरांवर, बेचाळीस माणसं घेऊन."

कुणी रोटीला हात लावला नाही. अक्तान उठून उभा राहिला. म्हणाला, मी बघितलं एर्मेक-अके झोपलेत. वडीलमाणूस दमलेलं आहे, उठवायचं कसं? शोभलं नसतं. म्हणून त्याने काय केलं — रेडिओचा आवाज बारीक केला. अकेंची झोपमोड नको म्हणून!

खालून नियंत्रण कक्ष बोलावत होता, ते त्याला ऐकूच गेलं नाही. समोरून दुसरं विमान आलं तेव्हा कॉकपिटमधली धोक्याची घंटा वाजली, तिने एर्मेकला जाग आली. दोघांना त्या विमानाच्या खिडक्या दिसल्या म्हणे, इतकं जवळून.

मामासादिक-अके पार पांढरे पडले. मी वाट बघत होते की आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. एर्मेक माझ्याकडे बघत म्हणाला, "लिही, साहेब." मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही.

घरी येताना तो म्हणाला, "नोवोसिबिर्स्क दुसऱ्या कुणाला देतील." मी त्याचा हात धरला. रस्त्यात, सगळ्यांसमोर. आपल्याकडे असं करत नाहीत, पण धरला. मला त्याचा राग आला होता आणि त्याच्याबद्दल अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही अजून गेलेले नाहीत.

१ नोव्हेंबर

सकाळपासून कंपनीचे बाकीचे तीन कॅप्टन एकेक करून माझ्या खोलीत आले. कुणाच्या हातात रोट्या नव्हत्या. प्रत्येकाने आधी दार लावून घेतलं आणि तिघेही तेच म्हणाले — मलाही विमानात झोप लागली होती.

आमच्याकडे कॅप्टन एकूण चारच आहेत. वेळापत्रक बदलेपर्यंत दुपारपासूनची सगळी उड्डाणं मी थांबवली.