दार्दोमामाचं बी

मोंतेविदेओ,
१२ सप्टेंबर २०१९

ती. एर्सिलियामामींस,
यानिनाचा शि. सा. न. वि. वि.

बसच्या पार्सल खिडकीवर तुमचं पाकीट सुखरूप मिळालं. आतली काडेपेटी मी लगेच उघडली नाही. आधी पोस्टात जाऊन, घरी गांजा लावण्यासाठी लागते ती नोंद करून घेतली. तिथल्या बाईंनी ओळखपत्र आणि विजेचं बिल पाहिलं आणि सहा झाडांपर्यंत चालतं, असं सांगितलं. मग घरी बिया पाहिल्या तर सात. मी परत जाऊन विचारलं की सातव्या बीचं काय करू. त्या म्हणाल्या की आधी उगवू तर देत, मग येऊन रडा.

खरी बातमी आईची आहे. याच झाडांवरून तिने अकरा वर्षं सख्ख्या भावाच्या घराची पायरी चढली नाही. जुलैत मामाच्या मातीला आली आणि पुढच्याच बसने परतली, हे तुम्हाला मी काय सांगणार. बिया बघून ती पाकीट भिरकावेल अशी मला धास्ती होती. तिने चष्मा लावला, एक बी तळहातावर घेतलं आणि हे रुजवतात कसं, एवढंच विचारलं. तेव्हा मामी, सगळं नीट सविस्तर लिहा. ही रोपं जगली पाहिजेत. मामाशी बोलायचं राहून गेलं, ते आता तिला दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही.

तुमच्या गुडघ्यांना आराम पडो. लोभ आहेच, तो पत्रातून कळत राहावा.
तुमची भाची,
यानिना

आन्सिना,
२० सप्टेंबर

चि. यानिना हिस,
मामीचे पोटभर आशीर्वाद.

विजेचं बिल दाखवून बियांची नोंद करणारी तूच एक. तुझा मामा आठवडाभर हसला असता. वन्संनी बी हातात घेतलं, ही ओळ मात्र मी दोनदा वाचली.

आता ऐक. बिया रात्रभर कपभर पाण्यात ठेव. सकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून दोन ताटल्यांच्या मध्ये झाक आणि फ्रिजच्या माथ्यावर ठेव, तिथे ऊब असते. तीन-चार दिवसांत पांढरा कोंब येईल. तो खाली करून नखभर खोल मातीत लाव. वरची माती सुकली तरच पाणी द्यायचं. आणि दर तासाला फडकं उघडून बघू नकोस, मी तुला ओळखते.

माझ्याकडे त्याच्या हातच्या सात बिया उरल्यात. त्या मी कोणालाही देणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. राग मानू नकोस.

जेवत जा. माया आहे तशीच आहे.
तुझी मामी,
एर्सिलिया

मोंतेविदेओ,
१६ ऑक्टोबर

ती. मामींस,
शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. सातांतल्या पाच बिया रुजल्या होत्या. करवतीच्या दात्यांसारखी पानं दिसू लागली होती. आई कामावरून आली की कोट न काढता आधी खिडकीशी जायची. गेल्या चार दिवसांत पाचही रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी झाली.

आईने ठरवलं की मी रात्री खिडकी उघडी टाकते म्हणून गारठ्याने गेली. मला खूप बोलली. मी ऐकून घेतलं. पण शेजारचे विल्मारकाका स्वतः झाडं लावतात, त्यांनी कुंडी उकरून दाखवली. आई रोज सकाळी येर्बाच्या पानांचा चहा पिऊन झाला की उरलेला चोथा जिरॅनियमच्या कुंडीत टाकते. तसाच तो या कुंड्यांतही टाकत होती. जिरॅनियमला चालतं, या कोवळ्या देठांना नाही. चोथा ओला राहिला, बुरशी धरली. तिने मायेनेच केलं, मामी. आणि मलाच ते रोज दिसत होतं, तरी सुचलं नाही.

आता तिला सांगू की नको? विल्मारकाका त्यांची दोन रोपं देतो म्हणतात.

काळजीत,
यानिना

आन्सिना,
२३ ऑक्टोबर

चि. यानिना हिस,
आशीर्वाद.

रडू नकोस. सांगायचं नाही. त्या भल्या माणसाची रोपं घे, त्याच कुंडीत लाव आणि मेलेल्या रोपाचं मूळ जिवंत होतं म्हणून सांग. सगळ्यांची पानं सारखीच असतात, वन्संना काय कळणार? खिडकीचा आळ तू घेतलाच आहेस, तुझे खांदे तरुण आहेत. भावाशी बोलणं त्यांनी तोडलं, आता त्याची रोपंही आपल्याच हातून गेली हे कळलं तर त्या अंथरूण धरतील.

थोडक्यात लिहिते, वासरू आजारी आहे. जीव लावून राहा.
मामी

मोंतेविदेओ,
२ नोव्हेंबर

ती. मामींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा सल्ला मानला नाही, क्षमा करा. रोपं आणलीही होती. पण मला अक्षर-गणित आईनेच स्वयंपाकघराच्या टेबलावर शिकवलं. उत्तर बरोबर असलं तरी ते कुठून पाहून लिहिलंय असं दिसलं की ती पान फाडायला लावायची. त्याच टेबलावर दुसऱ्याचं रोप मामाचं म्हणून मला ठेवता येईना. मी रोपं परत केली आणि तिला सगळं सांगितलं.

तिने विचारलं की इतके दिवस खिडकीचं बोलणं मी का ऐकून घेतलं. दोन दिवसांनी तिने रजा टाकली आणि तुमच्याकडे यायला बॅग भरली. हे पत्र तिच्याच हाती देते आहे, पाकीट चिकटवून.

बिया द्या अथवा देऊ नका. फक्त संपल्या म्हणून सांगू नका.
तुमची,
यानिना

आन्सिना,
१९ नोव्हेंबर

चि. यानिना हिस,
मामीचे आशीर्वाद, या वेळी जरा जास्त.

खरं सांगते, वन्सं वळणावर बसमधून उतरताना दिसल्या तेव्हाच मी बियांची काडेपेटी पिठाच्या डब्यामागे लपवली. पण वन्संनी बियांचं नावही काढलं नाही. दार्दो रोपं कुठे लावायचा तेवढं दाखव म्हणाल्या. तीन दिवस एकट्यांनी तण काढलं. चौथ्या दिवशी मीच पेटी टेबलावर ठेवली. सातही भिजवल्या, चार उगवल्या. हात लावण्याआधी वन्सं मला विचारतात. तुझ्या आईने आयुष्यात कोणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही.

आज सकाळी त्या मागच्या अंगणात एका रोपाला काडीचा टेकू देत होत्या. मी दारात होते, त्यांना दिसले नाही. दार्दोचं नाव घेऊन दटावत होत्या की किती वाकतोस, ताठ उभा राहा, सगळे बघतायत. जुलैपासून या घरात त्याला कोणी रागावलं नव्हतं. मी आत जाऊन पाणी उकळायला ठेवलं, बाहेर गेले नाही.

आणखी एक रजेचा अर्ज त्यांच्या कामावर नेऊन दे, सोबत जोडला आहे. आमच्या दोघींचा लोभ तुझ्यावर आहे, तो तू दोघींवर सारखा ठेव.
तुझी मामी,
एर्सिलिया