स्वेच्छेने घरी

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी एका बेशुद्ध माणसाची इच्छा लिहिली, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

कॉलेज अर्ध्यावर सोडलं म्हणून तूच मला या इस्पितळात चिकटवलंस. डिस्चार्जचे कागद भरायचे, एवढंच काम. रस्त्यापलीकडे दुसरं इस्पितळ. त्यांनी दारात कारंजं बसवलं की आमच्याकडे काचेच्या टाकीत मासे आलेच. दोन्ही पेशंटच्या बिलातून! त्यांनी ‘शंभरात शहाण्णव बरे’ असा फलक लावला, तर आमचा अठ्ठ्याण्णवचा. हे वरचे दोन कुठून आले ते मंगळवारी कळलं. शेवटचे श्वास मोजणाऱ्या म्हाताऱ्याला मॅनेजरने घरी धाडलं आणि मला ‘स्वेच्छेने घरी’ लिहायला लावलं. घरी मेलेला आमच्या आकड्यात येत नाही. बेशुद्धाला कसली स्वेच्छा, असं मी विचारलं, तर म्हणाला, तू लिही, विचार करायला इथे माणसं आहेत.

समोरच्या इस्पितळातली नर्स काल खिडकीतून हसली. बहुधा माझ्याकडेच बघून.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा


दि. ९ मार्च

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं डोकं ठिकाणावर कधी होतं ते आधी कळव. बाबा चार पायऱ्यांत धापा टाकतात. हृदयाचं ऑपरेशन आता टळत नाही, आणि मूत्रपिंडंही कमजोर निघाली. रिपोर्ट सोबत आहेत. मी तुमच्या त्या फलकावरच आस लावून बसले आहे. मॅनेजरशी गोड बोल, बेड मिळव, जग नंतर सुधार. आणि ती तुला हसली की तुझ्या केसांना, तेही विचारून घे.

तब्येत जप, जीभ त्याहून जप.

तुझी ताई


दि. १३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोड बोललो. मूत्रपिंडांचा रिपोर्ट बघताच मॅनेजर म्हणाला, बेड रिकामा नाही. अकरा रिकामे होते, मी मोजले! असा पेशंट दगावला तर फलक बिघडतो म्हणे. म्हणजे आमच्याकडे बरे होतात ते मुळात बरेच असतात!

तसाच समोर धावलो. नर्सशी आयुष्यात पहिल्यांदा बोललो, तेही मूत्रपिंडांवर. तिने मान खाली घालून सांगितलं, त्यांच्याकडे घरी धाडलेल्यांच्या कागदावर ‘घरच्यांच्या आग्रहावरून’ असं लिहितात. मग म्हणाली, सरकारी इस्पितळात न्या. तिथे भिंतींना पोपडे आहेत, पण कुणाला परत पाठवत नाहीत, म्हणून तिथल्या सर्जनबाईंचा हात अशाच पेशंटवर बसलाय. त्यांनाही भेटलो. त्या म्हणाल्या, अशा दहांतले सात वाचतात, तिघे हातून जातात. ताई, इतक्या दिवसांत खरा आकडा सांगणारं माणूस हे पहिलंच. बाबांना सोमवारी आण. मी दारात उभा असेन.

बाबांना धीर दे, आणि थोडा मलाही.

तुझा धाकटा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच मॅनेजरने ‘स्वेच्छेने घरी’चा आणखी एक कागद पुढे केला. या वेळच्या पेशंटबाई पूर्ण शुद्धीत होत्या, पलंगाची कड सोडत नव्हत्या. मी लिहिणार नाही म्हटलं. तो म्हणाला, मग उद्यापासून येऊ नकोस. म्हटलं, उद्यापर्यंत थांबतंय कोण! खुर्ची मागे ढकलली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.